गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय: एक ग्राफिक्स कार्ड की दोन? (बजेट १ लाख, राहणार रत्नागिरीत)

बंदरावरून (हर्णै)

नमस्कार मंडळी. बारावी झाली, रत्नागिरीत इंजिनीअरिंगला प्रवेश मिळालाय. होस्टेलवर राहणार, तेव्हा लॅपटॉप घ्यायचा आहे. अभ्यास, थोडं ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) आणि गेमिंग. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ रोजचे, सायबरपंक २०७७ मात्र एकदा नीट सेटिंग लावून खेळायचा आहे. बाबा एक लाखापर्यंत देतो म्हणालेत. पावसाळी बंदी उठून होड्या बाहेर पडल्या की पैसे सुटतील, म्हणजे गणपतीच्या आधी खरेदी.

तीन लॅपटॉप नजरेत आहेत. एका दुकानात आरटीएक्स ३०५० वाला दाखवला, ६८ हजार. दुकानदार म्हणाला, यात ड्युअल ग्राफिक्स आहे, एकूण १२ जीबी. ऑनलाइन एक आरटीएक्स ४०६० वाला आहे, ९६ हजार, तिथे एकच कार्ड लिहिलंय. आणि मुंबईतला एक जण जुना एमएसआय जीटी८० टायटन ४५ हजारांत विकतोय, त्यात खरोखरच दोन जीटीएक्स ९८०एम कार्डं आहेत. माझा मित्र म्हणतो, दोन कार्डं म्हणजे सेकंदाला दुप्पट फ्रेम (चित्रं), डोळे मिटून तोच घे आणि उरलेल्या पैशांत खुर्ची घे.

दोन कार्डांचा खरंच एवढा फायदा असतो का? जाणकारांनी सांगा.

---

चाकरमानी (डोंबिवली, मूळ गाव गुहागर)

थांब. आधी ६८ हजारवाला बाजूला काढू, कारण तिथे "दोन" या शब्दाखाली भलतंच काहीतरी खपवलं जातंय.

आजच्या बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतातच. एक प्रोसेसरच्या आतलं, इंटेलचं किंवा एएमडीचं. दुसरं वेगळं कार्ड, बहुतेक वेळा एनव्हिडियाचं. ही दोन मिळून एक गेम चालवत नाहीत. साधं काम चाललेलं असताना आतलं ग्राफिक्स चालतं आणि बॅटरी वाचते, गेम सुरू झाला की मोठं कार्ड जागं होतं. एनव्हिडिया याला ऑप्टिमस म्हणते, २०१० पासून हे आहे. तू ऑनलाइन बघितलेल्या ४०६० वाल्यातही बहुधा हीच रचना असेल, फक्त त्यांनी जाहिरातीत "ड्युअल" लिहिलं नाही.

१२ जीबीचा हिशेब सांगतो. लॅपटॉपच्या त्या ३०५० वर स्वतःची ४ जीबी मेमरी असेल आणि मशिनात १६ जीबी रॅम असेल. विंडोज गरज पडली तर निम्मी रॅम ग्राफिक्सला उसनी देते, म्हणजे ८ जीबी. टास्क मॅनेजरमध्ये ती "शेअर्ड" म्हणून दिसते. ४ आणि ८ मिळून १२. पण उसनी रॅम कार्डावरच्या मेमरीच्या मानाने फार हळू. गेमचं सामान ४ जीबीत मावलं नाही की ते तिकडे सांडतं आणि खेळताना झटके बसायला लागतात. सायबरपंकला ४ जीबी पुरणार नाही. दुकानदाराला थेट विचार, "डेडिकेटेड किती?" तेवढाच आकडा खरा.

---

सुरंगी (वेंगुर्ला)

चाकरमानी यांना +१.

"ड्युअल ग्राफिक्स" हे नाव पूर्वी एका खऱ्या गोष्टीचं होतं. २०११ च्या सुमारास एएमडीने ए-सिरीजचे प्रोसेसर आणले, तेव्हा आतलं रेडिऑन आणि बाहेरचं छोटं रेडिऑन मिळून एकाच गेमवर काम करायची सोय होती आणि लॅपटॉपवर तसा स्टिकर लागायचा. ती सोय गेली, शब्द दुकानांत राहिला.

तू ब्लेंडर म्हणालास म्हणून मी पुढे थांबून राहिलेय. घरांची आणि रिसॉर्टची थ्रीडी चित्रं करणं हा माझा धंदा आहे. सवडीने लिहिते.

---

दर्यावर्दी (मालवण)

दोन कार्डांचो लॅपटॉप मी वापरलंय, म्हणान सांगतंय. डीव्हीडीचो कप्पो काढून थंय दुसरा कार्ड बसवायचा. बॅटलफिल्ड ४ असो पळा की बघीत रवाचा!

बाकीच्यांसाठी साध्या मराठीत लिहितो. २०१३-१४ चा तो काळ. एका कार्डावर जिथे गेम अडखळायचा तिथे दुसरं बसवल्यावर लोण्यासारखा चालायचा. तेव्हाच्या मोठ्या गेमांना एसएलआयचा (दोन कार्डं एकाच गेमवर चालवायची एनव्हिडियाची सोय) आधार असायचा आणि फ्रेम दीडपट ते पावणेदोनपट व्हायच्या. दुप्पट कधीच नाही, पण जे मिळायचं ते कमी नव्हतं. त्यामुळे ही कल्पनाच वेडगळ होती असं कोणी म्हणू नका. त्या वेळी लॅपटॉपचं एकेकटं कार्ड डेस्कटॉपच्या मानाने फारच अशक्त असायचं, आणि ज्याला घरी डेस्कटॉप ठेवायला जागा नाही त्याला दुसरा मार्गच नव्हता.

बंदरावरून, तुझ्या मित्राने जे ऐकलंय ते त्या काळातलं आहे. तेव्हा खरं होतं.

---

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

लॅपटॉप दुरुस्ती हेच माझं काम. दोन कार्डांची मशिनं उघडून दुरुस्त केलेली आहेत, तेव्हा जरा विस्ताराने लिहितो. लांबेल, पण तू ४५ हजार घालवण्याआधी हे वाचलेलं बरं.

दोन कार्डं एकत्र कशी चालायची ते आधी. नेहमीची पद्धत म्हणजे आळीपाळीने फ्रेम काढणं. पहिली, तिसरी, पाचवी फ्रेम एक कार्ड काढणार. दुसरी, चौथी, सहावी दुसरं. यातून तीन गोष्टी निघतात.

एक, मेमरीची बेरीज होत नाही. गेमचं सगळं सामान दोन्ही कार्डांना आपापल्याकडे ठेवावं लागतं. जीटी८० मध्ये ८-८ जीबीची दोन कार्डं असली तरी गेमच्या दृष्टीने मेमरी ८ जीबीच. विकणारा १६ म्हणत असेल तर ऐकू नकोस.

दोन, फ्रेम सारख्या अंतराने येत नाहीत. आकडा ६० दाखवतो, पण दोन फ्रेम लागोपाठ येतात आणि तिसरी उशिरा. डोळ्याला ती बारीक थरथर जाणवते. आकड्यांकडे बघून लॅपटॉप घेणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, खेळायला बसल्यावर येतं.

तीन, आणि या धंद्याचा शेवट याच कारणाने झाला. हल्लीचे गेम नवी फ्रेम काढताना मागच्या फ्रेमची माहिती वापरतात. कडा गुळगुळीत करायची टीएए पद्धत घ्या किंवा छोटं चित्र काढून मोठं करणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस घ्या, दोन्ही मागची फ्रेम मागतात. आळीपाळीच्या पद्धतीत मागची फ्रेम असते दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत. ती इकडे आणायची तर वाट बघणं आलं, आणि वाट बघण्यात दुसऱ्या कार्डाचा फायदा संपतो. पूर्वी एनव्हिडिया आपल्या ड्रायव्हरमध्ये एकेका गेमसाठी वेगळी तजवीज करायची. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन (गेम आणि कार्ड यांच्यातला सॉफ्टवेअरचा दुवा) आल्यावर ते काम गेम बनवणाऱ्यांच्या गळ्यात पडलं. दोन कार्डांचे मालक मोजकेच, त्यांच्यासाठी महिने कोण घालवणार? ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटीसारख्या मोजक्या गेमांनी केलं, बाकीच्यांनी सोडून दिलं.

१ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी एसएलआयची नवी प्रोफाइल देणं बंद केलं. जीफोर्सच्या ३० मालिकेत फक्त ३०९० आणि ३०९० टीआय यांनाच दोन कार्डं जोडायची सोय ठेवली होती, तीही डेस्कटॉपवर. ४० मालिकेत ४०९० लासुद्धा नाही. सायबरपंक २०७७ ला एसएलआयचा आधार नाही. तो खेळताना त्या जीटी८० मधलं दुसरं कार्ड नुसतं बसून राहणार.

म्हणजे ज्या गेमसाठी तू एवढी धडपड करतोयस, तिथे तुझ्या हातात २०१४ सालचं एकच ९८०एम येईल.

आता समजा, दोन्ही कार्डं पूर्ण जोमाने चालली. तरी ती दोघं मिळून नीट वीज मिळालेल्या एकट्या लॅपटॉप ४०६० च्या पुढे जात नाहीत. शिवाय ९८०एम मध्ये रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर नाही, डीएलएसएस नाही. २०२५ मधला डूम द डार्क एजेस तर रे ट्रेसिंग हार्डवेअर नसेल तर चालतच नाही. एनव्हिडियाने ९८०एम ज्या पिढीतलं आहे त्या मॅक्सवेल कार्डांसाठी ऑक्टोबर २०२५ नंतर गेमचे नवे ड्रायव्हर देणं थांबवलं, आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट. त्या मशिनातला इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉलेजचं काम, बँकेचे व्यवहार सगळं त्याच मशिनावर करणार ना? मग हे कारणसुद्धा एकटं पुरे आहे.

---

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

वरचं सगळं पुण्याच्या माणसालाही लागू आहे. आता आपल्या किनाऱ्याचं.

मागच्या पावसाळ्यात दोन कार्डांचं एक जुनं मशिन माझ्याकडे आलं. कंपनीचं नाव घेत नाही, दोष कंपनीचा नव्हताच. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर. तक्रार अशी की एक कार्ड कधी दिसतं, कधी गायब होतं. खालचं झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांवर करड्या रंगाचा चिकट थर, बोटाने ओढला तर नमद्यासारखा सलग निघाला. आपल्याकडे धूळ कोरडी नसते, दमट हवेत ती मिठासकट पंख्यावर बसते. तांब्याच्या नळ्यांना जिथे जोड दिलाय तिथे हिरवट कळा आलेली. दोन कार्डांना जोडणारी एक चपटी केबल असते, तिच्या टोकाच्या सोनेरी पट्ट्यांवर काळे ठिपके पडले होते. दोष तिथेच. पट्ट्या साफ केल्यावर चाललं, आणि पावसाळा संपायच्या आत तेच मशिन तीच तक्रार घेऊन परत आलं. ती केबल बाजारात मिळत नाही. कार्डं एमएक्सएम प्रकारची, म्हणजे काढता येणारी, पण त्या पिढीचं चांगलं कार्ड आता शोधून सापडत नाही.

जितके जोड जास्त तितक्या गंज धरायला जागा जास्त. एका कार्डाच्या लॅपटॉपात कार्ड मदरबोर्डवरच डकवलेलं असतं. ते गेलं तर मदरबोर्डच बदलावा लागतो, हा तोटा आहे. पण मधे जोड नसल्यामुळे खाऱ्या हवेला शिरायला एक वाट कमी.

उष्णतेचं बघ. ९८०एम साधारण १०० वॅटचं. दोन कार्डं २००, वर प्रोसेसरचे ४७. एवढी उष्णता एका डब्यातून बाहेर काढायची, आणि बाहेरची हवा मे महिन्यात ३३-३४ अंशांची. त्याचा ॲडॅप्टरच ३३० वॅटचा आहे. वजन साडेचार किलो, ॲडॅप्टर वेगळा. तो घेऊन एसटीने हर्णै ते रत्नागिरी करणार आहेस का?

---

बंदरावरून (हर्णै)

बाप रे. एवढं कोणी समजावलं नव्हतं. जीटी८० रद्द. बाबांना हे मोठ्याने वाचून दाखवलं. होडीवरच्या इंजिनाच्या वायरिंगचं त्यांना माहीत असल्यामुळे जोडांचा मुद्दा लगेच पटला.

मग ३०५० आणि ४०६० मध्ये ४०६० च ना? की ४०५० घेऊन पैसे वाचवू?

---

चाकरमानी (डोंबिवली)

४०६०, पण नुसतं नाव बघून नाही. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या ताकदीचं असतं. लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेलं असू शकतं. याला टीजीपी म्हणतात. पातळ, देखण्या लॅपटॉपात कमी वॅटचं ४०६० असेल तर जाडजूड लॅपटॉपातलं पूर्ण वॅटचं ४०५० त्याच्या बरोबरीला येतं. टाकी मोठी असून नळी बारीक, तसा प्रकार. कंपनीच्या संकेतस्थळावर स्पेसिफिकेशनमध्ये शोध, बहुतेक वेळा अगदी खाली बारीक अक्षरांत असतं. दुकानात मशिन चालू करून बघायला मिळालं तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघड, हेल्पमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन. तिथे जास्तीत जास्त किती वॅट ते लिहिलेलं असतं. १०० च्या वर असेल तर बिनधास्त घे.

लॅपटॉपच्या ४०५० ला ६ जीबी मेमरी, ४०६० ला ८ जीबी. ४०७० वर उडी मारायची गरज नाही, लॅपटॉपात त्यालाही ८ जीबीच आहे आणि फरकाच्या मानाने पैसे जास्त जातात. ५० मालिकेतलं ५०५० किंवा ५०६० सेलमध्ये बजेटात बसलं तर तेही चालेल, दोन्ही ८ जीबीची. वॅट मात्र तिथेही बघायचेच.

---

सुरंगी (वेंगुर्ला)

ब्लेंडरबद्दल लिहायचं कबूल केलं होतं.

वरच्या चर्चेवरून असं वाटेल की दोन कार्डं सगळीकडेच निकामी. तसं नाही. ब्लेंडरच्या सायकल्स या इंजिनात चित्र रेंडर करताना (अंतिम चित्र काढताना) दोन कार्डं मनापासून कामाला लागतात. तिथे मागच्या फ्रेमची वाट बघायची नसते. चित्राच्या एकेका ठिपक्यासाठी हजारो किरण मोजायचे असतात आणि ते काम वाटून घेता येतं. सारख्या ताकदीची दोन कार्डं असतील तर वेळ निम्म्याच्या जवळपास येतो. एसएलआय लागत नाही, केबलही नाही. सेटिंगमध्ये दोन्हीसमोर खूण केली की झालं. मेमरीची बेरीज मात्र सहसा इथेही नाही, सीन प्रत्येक कार्डात मावायला हवा.

माझ्याकडे दोन कार्डांचा डेस्कटॉप आहे, त्याला वेगळी खोली आणि एसी दिलाय. ते सगळं लॅपटॉपच्या डब्यात कोंबण्यात अर्थ नाही. तू शिकणार आहेस, तुला ८ जीबीचं एक कार्ड भरपूर झालं. रेंडर डिव्हाइसमध्ये कूडा न निवडता ऑप्टिक्स निवड. आरटीएक्स कार्डांतलं रे ट्रेसिंगचं हार्डवेअर त्याने वापरलं जातं आणि त्याच कार्डावर वेळ दिसण्याइतका कमी होतो.

आणि जे "दोन" खरोखर हवं ते रॅमचं. १६ जीबीची एकच पट्टी बसवून लॅपटॉप विकतात. त्याऐवजी ८-८ च्या दोन पट्ट्या असल्या की रॅमकडे जायचे दोन रस्ते खुले होतात. प्रोसेसरवर ताण टाकणाऱ्या गेमांत, व्हॅलोरंट त्यातलाच, फरक स्पष्ट जाणवतो. एक जागा रिकामी असेल तर नंतर तशीच दुसरी पट्टी टाक. रॅम बोर्डावर डकवलेली असेल तर घेण्याआधीच विचार कर, नंतर काही करता येत नाही.

---

दर्यावर्दी (मालवण)

मक्स स्विचाचा कोणीच बोलूक नाय.

ऑप्टिमसमध्ये मोठ्या कार्डाने काढलेली फ्रेम आधी आतल्या ग्राफिक्सकडे जाते आणि तिथून पडद्यावर. या वळशात थोडा वेग जातो. सायबरपंकमध्ये कळणारही नाही, पण व्हॅलोरंटसारख्या दोनशे-तीनशे फ्रेमच्या गेममध्ये कळतं. मक्स असेल तर आतलं ग्राफिक्स पूर्ण बाजूला करून कार्ड थेट पडद्याला जोडता येतं. काही मशिनांत त्यासाठी रीस्टार्ट करावं लागतं, ॲडव्हान्स्ड ऑप्टिमस असेल तर आपोआप होतं. मक्स नसेल तरी घाबरू नको. बऱ्याच लॅपटॉपांत एचडीएमआय थेट मोठ्या कार्डाला जोडलेलं असतं, बाहेरचा मॉनिटर लावलास की वळसा टळतो.

एक नक्की कर: खेळून झालं की परत हायब्रिडवर, म्हणजे दोन्ही ग्राफिक्स वापरणाऱ्या मोडवर आण. विसरलास तर मोठं कार्ड सतत जागं राहील आणि लाईट गेल्यावर बॅटरी बघता बघता उतरेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नाही. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं तेव्हा दापोली पट्ट्यात कित्येक गावं किती दिवस अंधारात होती, ते हर्णैच्या मुलाला मी काय सांगू. त्या वेळी कुठलंच कार्ड कामाचं नाही, आतलं छोटं ग्राफिक्सच उपयोगी.

---

काजूबी (कणकवली)

धाग्यात मधेच शिरते. माझ्या लॅपटॉपमध्ये टास्क मॅनेजर जीपीयू ० आणि जीपीयू १ अशी दोन नावं दाखवतो. गेम चालू असताना ० वर काम दिसतं आणि १ वर जवळजवळ शून्य. म्हणजे मोठं कार्ड वापरलंच जात नाहीये का? गेम फार संथ चालतो.

---

चाकरमानी (डोंबिवली)

काजूबी, हो, बहुधा गेम आतल्या ग्राफिक्सवर चाललाय. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जा. गेमचं नाव यादीत नसेल तर त्याची फाइल जोड आणि "हाय परफॉर्मन्स" निवड. चार्जर लावूनच खेळ, बॅटरीवर मोठ्या कार्डाला पूर्ण वीज मिळतच नाही. तरी फरक पडला नाही तर ड्रायव्हर पुसून नव्याने टाक.

---

काजूबी (कणकवली)

झालं! आता १ वर ९० टक्क्यांच्या वर दिसतंय आणि गेम पळतोय. खूप आभार.

---

बंदरावरून (हर्णै)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांबरोबर रत्नागिरीला जाऊन आलो. ऑनलाइनवाला ४०६० स्पेसिफिकेशनमध्ये ७५ वॅटचा निघाला, पातळ मॉडेल होतं. दुकानात दुसऱ्या एका कंपनीचा ४०६० होता, थोडा जाड. दुकानदारांनी चालू करून दिला. कंट्रोल पॅनेलमध्ये १४० वॅट लिहिलं होतं, पण माहितीपत्रकात ११५ आहे. हे कसं? मक्स आहे. रॅम १६ ची एकच पट्टी, दुसरी जागा रिकामी. ९८ हजार सांगितले.

आणि वॉरंटी. कंपनीचं सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला आहे म्हणाले. दर वेळी आंबा घाट उतरून-चढून जायचं का? घरच्या इन्व्हर्टरवर हा चालेल का तेही सांगा.

---

चाकरमानी (डोंबिवली)

११५ हे कार्डाचं स्वतःचं, वरचे २५ डायनॅमिक बूस्टचे. प्रोसेसरला गरज नसेल तेव्हा त्याच्या वाट्याची वीज कार्डाकडे वळवतात, म्हणून १४०. एकदम योग्य मशिन आहे, घेऊन टाक. दुसरी रॅमपट्टी पाहिजे तर मॉडेल कळव, मी लॅमिंग्टन रोडवर भाव विचारतो आणि गणपतीला येताना घेऊन येतो.

---

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

घे. आता वॉरंटी आणि वीज.

वॉरंटीचे दोन प्रकार. एकात मशिन सेंटरला न्यावं लागतं, दुसऱ्यात माणूस घरी येतो, त्याला ऑनसाइट म्हणतात. बिलावर कोणता लिहिलाय ते बघ. ऑनसाइट असेल तर तुझ्या होस्टेलच्या पिन कोडला तो माणूस येतो का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून पैसे द्यायच्या आधी विचार. बजेटमधले उरलेले दोन हजार आणि जमलं तर थोडे वर घालून वॉरंटी वाढवून घे. किनाऱ्यावर राहणाऱ्याने रॅमच्याही आधी यावर खर्च करावा असं माझं ठाम मत आहे.

रोजच्या वापरात लॅपटॉप खिडकीजवळ ठेवू नकोस. पावसाळ्यात वापर नसेल तरी रोज थोडा वेळ चालू ठेव, त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतला दमटपणा उडतो. बंद बॅगेत दिवसेंदिवस पडू देऊ नकोस. एसीच्या खोलीतून एकदम बाहेर आणलास तर लगेच चालू करू नकोस, आत दव धरतं. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, उघडून पंखे साफ करून घे. मात्र वॉरंटीत असताना बाहेर उघडलं तर चालतं का, ते आधी कंपनीकडून समजून घे. लॅपटॉपच्या अंगाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समज. तीन पिनी प्लगची तिसरी पिन तोडून दोन पिनी बोर्डात घुसवायचा उद्योग करू नकोस, होस्टेलवर पोरं सर्रास करतात.

इन्व्हर्टरचं असं. घरी बहुतेक १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी असते, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतः थोडी खातो आणि बॅटरी पार तळाला न्यायची नसते, तेव्हा हजार-बाराशे हातात धर. गेम चालू असताना हा लॅपटॉप दोनशे वॅटच्या आसपास ओढेल. दोन पंखे आणि दिवे धरले तर चार तासांच्या आत बॅटरी बसेल, जुनी असेल तर आणखी लवकर. नुसता अभ्यास असेल तर लॅपटॉप तीस-चाळीस वॅटवर येतो आणि रात्र निघते. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यावर गेम खेळू नकोस, ॲडॅप्टर गुणगुणतो आणि तापतो. साइन वेव्हचा असेल तर हरकत नाही.

ॲडॅप्टरवर आउटपुट छापलेलं असतं. २० व्होल्ट आणि ११.५ अँपिअर असेल तर २३० वॅट. तो आकडा आणि इन्व्हर्टरच्या मागच्या पट्टीचा फोटो इथे टाक, चालेल की नाही ते नेमकं सांगतो.